तुमची नोटीस, आमचा अर्ज

प्रति,
वृक्ष अधिकारी आणि उद्यान खात्यातले संबंधित अधिकारी,
आमच्या भागाचं विभाग कार्यालय, मुंबई
तसंच वृक्ष प्राधिकरणाचे सन्माननीय सदस्य

विषय: रस्त्यावरच्या झाडांच्या ज्या फांद्या घरांवर आल्या आहेत, त्यांची छाटणी कुणी करायची याचा लेखी निर्णय मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

हे पत्र मी ऑक्टोबरमध्ये लिहिते आहे, आणि मुद्दाम लिहिते आहे. मे महिन्यात लिहिलं असतं तर ते पावसाळापूर्व कामांच्या गठ्ठ्यात गेलं असतं. जूनमध्ये लिहिलं असतं तर "आता पाऊस लागला, बघू" असं ऐकावं लागलं असतं. आज पाऊस परतला आहे. पुढचा यायला सात-आठ महिने आहेत. एका फांदीसाठी एवढा वेळ पुरायला हवा.

पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या गल्लीत आमची तीन मजली इमारत आहे. फाटकाच्या डाव्या हाताला, फूटपाथवर, एक पर्जन्यवृक्ष आहे. 1986 साली लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाच त्याचा शेंडा गच्चीच्या वर गेला होता. इमारत बांधली त्याच सुमाराला तो लावला, असं सासरे सांगायचे. माझं माहेर दादरच्या हिंदू कॉलनीतलं. झाडांच्या कमानीखालून शाळेत गेलेली मी, सासरच्या दारात एवढं झाड पाहून पहिल्याच दिवशी मला या घराचा परकेपणा निम्म्याने कमी वाटला होता. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, आभाळ भरून आलं की दिवसासुद्धा मिटतात. माझ्या मुलाला घड्याळ कळायच्या आधी "झाड झोपलं" हे कळत होतं. वैशाखातल्या दुपारी आमच्या गॅलरीत बसता येतं ते याच झाडामुळे.

हे आधी सांगते, कारण अर्ज घेऊन आलेला माणूस झाड तोडायलाच निघाला आहे अशा नजरेनं मला तुमच्या कार्यालयात दोनदा पाहिलं गेलं. मला हे झाड हवं आहे. ते धडपणे उभं राहायला हवं आहे, म्हणूनच मी तीन वर्षं तुमच्या पायऱ्या चढते आहे.

या झाडाची एक फांदी, पुरुषाच्या मांडीहून जाड, कुंपणाची भिंत ओलांडून आमच्या गॅलरीवरून गच्चीतल्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आहे. तिला ढोली पडली आहे. पहिल्या अर्जाला मी जो फोटो जोडला होता, त्यात ढोलीत जेमतेम मूठ गेली असती. आता कोपरापर्यंत हात जातो.

या जूनमध्ये पहिल्या मोठ्या वाऱ्याच्या सकाळी त्याच बाजूची एक वाळकी डहाळी तुटून फाटकाशी पडली. आमच्या फाटकाशी गेली कित्येक वर्षं एक कोळीण मावशी मासे घेऊन बसतात. डहाळी त्यांच्या खांद्यावर आली. खांद्याचं हाड मोडलं. पाटी उचलता येईना म्हणून सबंध पावसाळा त्यांचा धंदा बंद राहिला. त्या दिवशी पालिकेच्या 1916 या मदत क्रमांकावर फोन केल्यावर माणसं लवकर आली, पडलेला भाग कापून रस्ता मोकळा केला, हे मी कृतज्ञतेनं नोंदवते. पण ते आले पडल्यानंतर. न पडावी म्हणून दिलेले माझे चार अर्ज त्या सकाळीही तुमच्या कपाटात होते. मावशी अर्जदार नाहीत, रहिवासी नाहीत, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. म्हणून त्यांची गोष्ट या पत्रात यायलाच हवी होती.

आता त्या चार अर्जांविषयी.

पहिल्या दोघांना उत्तर आलं नाही, फक्त पोच मिळाली. तिसऱ्याला लेखी उत्तर आलं: झाड रस्त्यावरचं असलं तरी सदर फांदी खासगी हद्दीत आहे, सबब छाटणी सोसायटीने स्वखर्चाने करून घ्यावी. आम्ही सभा घेतली, वर्गणी काढली, छाटणी करणारा माणूस ठरवला आणि नियमाप्रमाणे परवानगी मागायला गेलो. हा आमचा चौथा अर्ज. त्यावर सांगण्यात आलं की झाड पालिकेचं आहे, खासगी संस्थेला त्याला हात लावता येणार नाही. दोन्ही उत्तरं एकाच कार्यालयातली, तीन महिन्यांच्या अंतरानं. पहिलं उत्तर खरं धरलं तर फांदी आमची. दुसरं खरं धरलं तर फांदी तुमची. मधल्या काळात ती आमच्या गॅलरीवर आणि मावशींच्या डोक्यावर होती.

आम्ही ती स्वतः कापू शकत नाही, आणि कापणारही नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 यात झाड तोडणं या शब्दात झाड कापणं, जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. 2021 च्या दुरुस्तीनं तर पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारशाचा दर्जा दिला, आणि आमचं झाड त्या वयाचं आहे. हा कायदा चांगला आहे. रात्रीत बुंध्याला भोकं पाडून विष ओतणारी माणसं या शहरात आहेत, गाडी लावायला जागा हवी म्हणून झाड "धोकादायक" ठरवून घेणारी माणसंही आहेत. आमच्याच सोसायटीत गाडीवर पानं आणि चिकट शेंगा पडतात म्हणून मुळापासून काढा म्हणणारे दोन जण आहेत, आणि मी त्यांच्याशी दर सभेत भांडते. कायद्यानं नागरिकाचे हात बांधले, ते योग्यच केलं. पण ज्यानं हात बांधले त्यानं ते काम स्वतः करायचं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथूनच सुरू होते. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 मध्ये कलम 383 आहे. आमच्या आवारातलं झाड रस्त्यावर झुकलं, कुणाला धोका झाला, तर त्या कलमानुसार तुम्ही आम्हाला नोटीस देता. दर उन्हाळ्यात सोसायट्यांना अशा नोटिसा जातात. आम्हालाही मागच्या अंगणातल्या नारळासाठी आली होती. तीत मुदत होती, खर्च आमचा होता, आणि दुर्घटना झाली तर जबाबदारी आमची राहील असं स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही मुदतीत झावळ्या आणि नारळ उतरवून घेतले. आता उलट बघा. तुमचं झाड आमच्या घरावर झुकलं तर आम्ही तुम्हाला काय देतो? अर्ज. त्याला मुदत नाही. त्यात दुर्घटनेची जबाबदारी कुणाची हे लिहिण्याची सोय नाही. झाड तेच, फांदी तशीच, वारा तोच. फक्त भिंतीची बाजू बदलली की नोटिशीचा अर्ज होतो.

नारळावरून चेंबूरची आठवण होते. 2017 च्या जुलैमध्ये तिथे सकाळी चालायला निघालेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्या झाडाबद्दल आधी अर्ज झाला होता, हे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. ती बातमी वाचली तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी प्रत्येक अर्जावर पाहणी करणाऱ्यानं आपलं नाव, तारीख आणि कारण लिहायची पद्धत पडेल. आमच्या झाडाची पाहणी एकदाच झाली. येणाऱ्यांनी फूटपाथवर उभं राहून वर पाहिलं आणि ते गेले. ढोली खालून दिसत नाही, वर आमच्या गॅलरीत या, असं मी म्हटलं, पण त्यांना पुढे अजून अकरा ठिकाणी जायचं होतं. त्यांच्यावरचा कामाचा भार मी समजू शकते. निष्कर्ष काय काढला हे मात्र आजवर कळलेलं नाही.

दुसरी तक्रार छाटणीच्या रीतीबद्दल आहे, आणि ती मला जास्त छळते.

गेल्या मेमध्ये अखेर कंत्राटदाराची माणसं आली. मी आनंदानं खाली पाणी घेऊन गेले. दोन मुलं कमरेला दोर बांधून वर चढली. डोक्यावर टोपी नाही, पायात काही नाही, एकाच्या हातात कोयता, दुसऱ्याच्या हातात कटर. खाली मुकादम फोनवर. उद्यान खात्याचं कुणीही हजर नव्हतं. दोन तासांत त्यांनी रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या मोठ्या फांद्या उतरवल्या. घराच्या बाजूची फांदी मी दाखवली तर मुकादम म्हणाला, "ताई, ती सोसायटीची. आपल्याला रस्त्यापुरतंच सांगितलंय." आणि ते निघून गेले. तोडलेल्या फांद्या पुढे बारा दिवस फूटपाथवर पडून होत्या. म्हातारी माणसं रस्त्यावरून चालत होती.

काय झालं ते समजून घ्या. झाडाचा एका बाजूचा सगळा भार काढला आणि आमच्या बाजूचा तसाच ठेवला. ते आता आमच्या घराकडे कललं आहे, हे गल्लीतलं पोरसुद्धा सांगेल. त्यातच आदल्या हिवाळ्यात रस्त्याचं काँक्रीटीकरण झालं, तेव्हा गटारासाठी झाडाच्या रस्त्याकडच्या बाजूनं चर खणला होता. मनगटाएवढी मुळं यंत्रानं तुटलेली मी स्वतः पाहिली, फोटोही आहेत. घराकडे कललेल्या झाडाला मागून ओढून धरतात ती हीच, रस्त्याकडची मुळं. पर्जन्यवृक्षाची मुळं पसरट असतात, फार खोल जात नाहीत. मुळं तोडणारं खातं वेगळं, फांद्या छाटणारं वेगळं. झाड मात्र एकच आहे, आणि दोघांनी मिळून त्याला आमच्या दिशेला ढकललं आहे.

छाटलेल्या जागा पाहिल्या तर हळहळ वाटते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कड असते. तिच्या लगत बाहेरून काप घेतला तर झाड ती जखम हळूहळू स्वतः झाकून घेतं. मोठी फांदी उतरवताना आधी खालून अर्धवट चीर घ्यायची असते, म्हणजे ती कोसळताना खोडाची साल सोलून नेत नाही. आमच्या झाडावर हातभर लांबीचे खुंट सोडले आहेत आणि दोन ठिकाणी साल वीतभर सोललेली आहे. खुंट कुजतात, कुजलेल्या जागेतून ढोली खोडात उतरते. पावसाळ्यात त्या खुंटांतून झपाट्यानं पाणसोट, म्हणजे सरळ वाढणारे कोवळे फुटवे, फुटले. झाड हिरवं दिसलं म्हणून लोक खूश झाले, पण असे सोट वरवर चिकटलेले असतात, दोन-तीन वर्षांत जड होऊन तेच आधी तुटतात. एका वेळी पाव भागाहून जास्त पानोरा काढू नये हा साधा नियम. इथे निम्मा गेला. म्हणजे धोका कमी करायला आलेली माणसं पुढच्या धोक्याची तयारी करून गेली. त्या दोन मुलांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी शिकवलं नाही आणि कुणी हेल्मेटही दिलं नाही. वरून पडलं असतं तर त्यांचं काय झालं असतं, हा प्रश्न कंत्राट देणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

त्या दिवशी कावळ्याचं एक घरटंही खाली आलं. दोन पिल्लं होती. मे हा कावळ्यांच्या विणीचा महिना आहे, आणि त्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कोकिळेचाही. पुढे जून-जुलैत बगळ्यांची घरटी होतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना हात लावू देत नाही. तरीही मुंबईतली मोठी छाटणी बरोब्बर या महिन्यांत, घाईघाईनं होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मोकळा असतो. वारा कमी, फांद्या कोरड्या, कावळ्या-बगळ्यांच्या विणीचा हंगाम नाही, माणसांना उन्हाचा त्रास नाही. ही साधी गोष्ट दर वर्षी कशी निसटते?

नोंदींबद्दल थोडक्यात. 2018 च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली. निम्म्याहून जास्त खासगी आवारांत, रस्त्याच्या कडेची सुमारे 1 लाख 85 हजार, म्हणजे शंभरातली जेमतेम सहा. त्या गणनेत झाडांची जागा जीपीएसने नोंदवली गेली, तेव्हा आमचंही झाड तुमच्या नकाशावर असणार. मग माहिती अधिकारात मी फक्त एवढंच विचारलं की या झाडाची शेवटची छाटणी केव्हा आणि कुणाच्या देखरेखीखाली झाली. उत्तर आलं की अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. कायद्यानं दर पाच वर्षांनी झाडं मोजायची आहेत. नुसती मोजून त्यांची देखभाल कशी होणार?

आणि दाद मागायची कुणाकडे, हाही प्रश्न होताच. मार्च 2022 मध्ये पालिकेतल्या निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर कितीतरी काळ प्रभागाला नगरसेवकच नव्हता. पूर्वी आम्ही निदान त्यांच्या दारात जाऊन बसायचो. त्या काळात सामान्य माणसाकडे तुमच्या खिडकीशिवाय दुसरं दार नव्हतं.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा या शहरात किती झाडं उन्मळली हे तुम्ही सगळ्यांनी रस्त्यावर उतरून पाहिलं आहे. त्या दिवशी तुमची माणसं भर वाऱ्यात काम करत होती. मी हे विसरलेली नाही. पण वादळाच्या दिवशीची धावपळ आणि एरवीच्या दिवसांतली देखभाल ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तुम्ही मनापासून करता. दुसरं कुणाच्याच नावावर नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक. झाडाचा बुंधा सार्वजनिक जागेत असेल तर त्याच्या प्रत्येक फांदीची छाटणी, ती कुठेही पोहोचली असो, पालिकेनेच करावी, आणि तसं परिपत्रक काढून प्रत्येक विभाग कार्यालयात लावावं. काही कारणानं सोसायटीनं खर्च करावा असं तुमचं मत असेल तर तेही लिहा, पण मग परवानगी त्याच कागदावर द्या. "तुम्ही करा" आणि "हात लावू नका" ही दोन्ही उत्तरं एकाच झाडाला मिळता कामा नयेत.

दोन. नागरिकाच्या अर्जाला नोटिशीइतकंच वजन द्या. आम्हाला जितक्या दिवसांची मुदत देता तितक्याच दिवसांत आमच्या अर्जावर पाहणी व्हावी. पाहणी करणाऱ्याचं नाव, तारीख, निष्कर्ष आणि कारण लेखी मिळावं. आणि त्या मुदतीत काम झालं नाही आणि फांदी पडून कुणी जखमी झालं, तर औषधोपचाराचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च कुणी द्यायचा हे आधीच ठरलेलं असावं. ही मागणी करताना माझ्या डोळ्यांसमोर फाटकाशी बसणाऱ्या मावशी आहेत.

तीन. मोठी छाटणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मेमध्ये फक्त वाळलेलं आणि खरोखर धोक्याचं तेवढंच काढा, तेही घरटी बघून.

चार. छाटणीच्या वेळी वृक्षशास्त्र जाणणारा माणूस खाली उभा असल्याशिवाय करवत चालू नये. चढणाऱ्यांना हेल्मेट, पट्टा, बूट आणि प्रशिक्षण हे कंत्राटाच्या अटींत असावं, आणि तपासलं जावं. तोडलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी उचलल्या जाव्यात.

पाच. रस्ते, गटार, केबल, कुठलंही खोदकाम झाडाजवळ असेल तर उद्यान खात्याची सही हवी. आमच्या झाडाच्या बुंध्याला आज पेव्हर ब्लॉक अगदी टेकलेले आहेत, आळं उरलेलंच नाही. ते मोकळं करून द्या. माती आम्ही आणू, पाणी आम्ही घालू.

सहा. गणनेतल्या प्रत्येक रस्त्यावरच्या झाडापुढे शेवटची पाहणी आणि शेवटची छाटणी यांच्या तारखा लोकांना बघता येतील अशा ठेवा.

आणि आमच्या एका झाडापुरतं: नोव्हेंबर संपायच्या आत तज्ज्ञाकडून पाहणी व्हावी, घराकडचा भार थोडा थोडा करून, दोन हंगामांत उतरवावा, आणि तोडलेल्या मुळांच्या बाजूची पकड किती उरली आहे ते तपासावं. झाड वाचवता येत असेल तर वाचवा. पुरेशा तपासणीनंतर वाचत नाही असं ठरलं, तर मी ते कारण वाचीन आणि मान्य करीन. त्या जागी दुसरं झाड लावायचं झाल्यास ताम्हण किंवा बकुळ लावावं, गल्लीच्या रुंदीला मानवेल असं.

कोळीण मावशी आता बऱ्या आहेत. नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा येऊ लागल्या, पण डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्या आता फाटकाशी बसत नाहीत, समोरच्या फूटपाथवर उन्हात बसतात. तिथे सावली नाही म्हणून बर्फ लवकर वितळतो, आणि अकराच्या आत त्यांना पाटी उचलावी लागते.

मी रोज सकाळी नऊपासून घरी असते. फांदीची ढोली खालून दिसत नाही, आमच्या गॅलरीतून हाताच्या अंतरावर दिसते. पाहणीला येणाऱ्यांनी दुसऱ्या मजल्यावर येऊन बेल वाजवावी. चार अर्जांच्या पोचपावत्या, दोन्ही उत्तरं आणि फोटो मी टेबलावर काढून ठेवले आहेत.

आपली विश्वासू,
पर्जन्यवृक्षाच्या गल्लीतली एक रहिवासी